दोघांच्या आवाजाचा माइक

“माइक आधी दाखवा की. बाकीचं नंतर बघू.”

गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, आणि ग्राफिक कार्डाबद्दल चकार शब्द नाही! नव्या पेठेतल्या आमच्या दुकानात असा नमुना मी पहिल्यांदाच पाहिला. उंच, सावळा, भर उन्हात गळ्याला मफलर... जवळच्याच कुंभारी गावचा बिरुदेव. मोबाइलवर गेम खेळत गावच्या बोलीत लाइव्ह बडबडायचा, आणि ती बडबड ऐकायलाच लोक यायचे.

“कार्ड हलकं घेतलं तर गेम अडखळेल,” मी म्हणाले. “प्रेक्षक पळतील तुमचे.”

“पळू द्या. तुमी हाय की बघायला.”

मी आठ्या घातल्या, पण हसू काही आवरलं नाही. तो एकेक माइक तोंडाशी धरून बोलून बघत होता. आवाज घोगरा होता.

“सर्दी?”

“न्हाय. गाठ.” तो वायर गुंडाळत म्हणाला. “पुढच्या महिन्यात आपरेशन हाय. आवाजाची पेटीच काढनार म्हनं. तवर चांगल्या माइकवर बोलून घ्यावं म्हटलं.”

मला भयंकर राग आला... त्याचा नाही, कुणाचा तेही कळेना.

“आणि नंतर?”

“नंतर मुक्यानंच खेळायचं. कोन बघतंय मग?”

“मी बोलेन,” मी म्हणाले. तोंडातून गेल्यावर कळलं, की मी खरंच बोलणार आहे.

मग सगळा सेटअप नव्याने ठरवला. कार्ड मधलं घेतलं. माइक दोघांच्या आवाजाला मानवेल असा निवडला. शेजारी एक जुना लॅपटॉप ठेवला. त्यावर तो टाइप करणार, मी वाचणार.

ऑपरेशननंतर मी रोज संध्याकाळी कुंभारीला जाऊ लागले. गेममध्ये तो झुडपाआड दडला की झरझर टाइप करायचा, आणि पुढचं न बघता, येईल ते मी तसंच वाचायचे. थांबले तर मजा जायची. मी ‘आहे’ म्हटलं की तो टाइप करायचा, ‘हाय म्हन, सुकन्या!’ मी तेही वाचायचे, आणि लोक हसून बेजार व्हायचे. तोही हसायचा, आवाजाशिवाय, खांदे हलवत. त्या खांद्यांवर मी केव्हाच जीव लावून बसले होते.

परवा तो तपासणी करून आला. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं तर त्याने फक्त अंगठा वर केला. खेळ सुरू झाला, तो झुडपाआड गेला, आणि मी वाचू लागले —

“डाव्या घरात दोगं हायती... जाऊ दे. गाठ परत आली हाय. उद्यापासनं तू येऊ नगंस —”

ते मी मनात वाचायचं होतं. मी सगळं मोठ्यानेच वाचते हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि माझी जीभ सवयीने पुढे धावली. दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या आईने, अंबुबाईंनी, ते आत्ता पहिल्यांदा ऐकलं.

तो माइक बंद करायला झेपावला. मी त्याचा हात धरला.

“येनार,” मी म्हणाले, त्याच्याच बोलीत. “रोज येनार. लई आवडतोस मला, बिरुदेवा... आन् हे तुजं वाचून न्हाय, माज्या मनचं बोलतीया.”

त्याने बोटं लॅपटॉपवर ठेवली. ‘येऊ नगंस’ तेवढं पुसून टाकलं. अंबुबाई खाली बसून रडत होत्या, आणि ते रडणं लाइव्ह बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू जात होतं. मी त्याचा हात सोडला, माइक बंद केला, आणि पुन्हा तो हात धरला.