पांढऱ्या फुलाची चोरी

“अक्का, चोरी झाली!” म्हणत शिंपीकाका ऑफिसात घुसले, तेव्हा भाऊजी चहात बिस्कीट बुडवत होते. दचकल्यामुळे अर्धं बिस्कीट तळाला गेलं.

अक्का खाजगी गुप्तहेर. भाऊजी त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, निवृत्तीनंतर अक्कांचे मदतनीस. मदत कसली, हे रहस्य अक्कांनाही उकललं नव्हतं.

“काय गेलं?”

“टेकडीवरचं पांढरं रानफूल! आज सकाळी, दुकान उघडण्याआधी सापडलं. मी स्वतः शोधलेलं पहिलं फूल हो! खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधला. आत्ता मास्तरांना ते दाखवायला टेकडीवर नेलं, तर दोऱ्यात गुलाबी फूल! मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘काका, आधी रंग ओळखायला शिका.’ जन्मभर कापडं निवडली मी! चोर सापडला नाही, तर फुलांचा नाद सोडला.”

“मास्तरच चोर,” भाऊजी कुजबुजले.

टेकडीवर अजून उजेड होता. नवशिक्यांना रानफुलं शिकवणारे मास्तर दोरा बांधलेल्या झाडापाशी हसत उभे होते.

“ह्याला पांढरं फूल येतच नाही. वर्षानुवर्षं बघतोय.”

“कधी बघता?” अक्कांनी विचारलं.

“शाळा सुटल्यावर. सकाळी कुठला वेळ!”

पायवाट झाडणारे मामा केरसुणीवर रेलले होते. “दिवसभर इथेच होतो. काका सकाळी गेले ते परत येईपर्यंत झाडाकडे कुणी फिरकलं नाही. झाडावर काय असतं ते मला विचारू नका, माझी नजर खाली. रोज सकाळी गळलेली फुलं झाडतो. सगळी गुलाबी. पांढरं एकही नाही.”

“पुरावा झाडून टाकलाय,” भाऊजींनी चोर बदलला.

अक्का वाकल्या. फुलाचा देठ आणि शेजारचं पान यांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, अख्खं. दोऱ्याचं टोक मात्र कुरतडल्यासारखं.

“कात्री नव्हती, काका?”

“दोरा मी दातानेच तोडतो. गाठही माझीच आहे.”

अक्का सरळ झाल्या. “गाठ सुटली नाही, जाळं फाटलं नाही. म्हणजे फूल तेच आहे. बदलला तो त्याचा रंग. सकाळी पांढरं उमलतं, संध्याकाळपर्यंत गुलाबी होतं आणि मगच गळतं. म्हणून मामांच्या केरात पांढरं येत नाही. काका येतात सकाळी, मास्तर संध्याकाळी. दोघांनी फूल अर्धं अर्धं पाहिलंत. भांडायला मात्र पूर्ण वेळ काढलात!”

“हे माझ्या गावीही नव्हतं,” मास्तर पुटपुटले.

“उद्या सुट्टी आहे. बसा आणि बघा.”

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी सकाळपासून झाडासमोर ठाण मांडून बसली. काकांनी ताज्या पांढऱ्या फुलाला दोरा बांधला, तो दाताने तोडला आणि शर्टाची कॉलर ताठ केली. दुपारी पाकळ्यांच्या कडा लाजल्यासारख्या गुलाबी झाल्या, तशी मास्तरांनी टोपी काढली.

“काका, चुकलो. आजपासून सकाळची फेरी तुम्ही न्यायची. मीही येईन, शिकायला.”

काकांनी जोरात नाक शिंकरलं.

पहाऱ्याची जबाबदारी भाऊजींवर होती. सकाळी फूल नीट निरखून त्यांनी झाडाला पाठ टेकली होती. संध्याकाळी ते जागे झाले, वर बघितलं आणि ताडकन उठले.

“अक्का, धावा! पुन्हा चोरी!”