भोपळा घाबरत नाही

समजा, तुम्ही गुंडाळलेल्या गादीच्या आत शिरला आहात. छत नाकासमोर आहे, इतकं जवळ की तुमचाच श्वास त्यावर आपटून गालांवर परत येतो. खांदे दोन्हीकडे टेकलेत. बाहेरून कुणीतरी सांगतं, "अर्धा तास हलायचं नाही हं!" आणि भिंतीतून खट्-खट्-खट्-खट् आवाज सुरू होतो. केलीत कल्पना? पोटात काही हललं? हललं असेल तर शाल्मलीचं कोडं तुम्हाला लगेच कळेल. नसेल हललं तरी कळेल, जरा वेळ लागेल एवढंच. तिच्या आजोबांना तर त्याला अर्धं आयुष्य लागलं.

शाल्मली मल्लखांब करायची. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत खांबावर, घराच्या छताएवढ्या उंचीवर, ती पायांच्या अढीवर उलटी लटकायची आणि खालच्या मुलींना जीभ काढून दाखवायची. एकदा पाय निसटला आणि ती मानेवर पडली. तेव्हापासून तिच्या डाव्या हाताला मुंग्या येत. डॉक्टर म्हणाले, मानेतल्या मज्जारज्जूवर (मेंदूचे निरोप अंगभर नेणारा जाड दोर) दाब आला आहे का, हे स्कॅन केल्यावरच कळेल. दाब असला आणि वेळेत कळला नाही, तर हात कायमचा अधू होईल. औषध देऊन, झोपवूनही स्कॅन करता येतो. पण डॉक्टरांना चित्रं घेताना तिच्याकडून बोटं हलवून घ्यायची होती, म्हणून ती जागी हवी होती.

आणि शाल्मली बोगद्याच्या तोंडाशी जाऊन दोनदा परत आली होती. खांबावर उलटी लटकणारी मुलगी साधं आडवं पडून राहायला का घाबरते? हेच ते कोडं.

आजोबांना ते जास्त बोचत होतं, कारण तो बोगदा त्यांनीच बनवला होता. डॉक्टर समीर चौबळ म्हणजे चुंबकांचे शास्त्रज्ञ. आपल्या अंगात पुष्कळ पाणी असतं. त्यातल्या हायड्रोजनच्या अणूंची केंद्रं इवल्या इवल्या चुंबकांसारखी वागतात. भोवती मोठा चुंबक आला की ती रांग धरतात. रेडिओ लहरींनी हलकेच ढकललं की डगमगतात, आणि पुन्हा रांगेत येताना बारीकसा संदेश सोडतात. ते संदेश गोळा करून यंत्र अंगाच्या आतलं चित्र काढतं. संदेश टिपणारी भिंत जितकी अंगाजवळ, तितकं चित्र स्पष्ट. म्हणून आजोबांनी बोगदा अरुंद केला, मग आणखी अरुंद केला. दर वेळी आत ठेवायला ते मंडईतून लाल भोपळा आणत. भोपळ्याची बी न् बी दिसायला लागली, त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते.

त्या पेढ्यांच्याच दिवशी त्यांची मोठी बहीण, मंजूताई, बोगद्यात जायला आली होती. ती गाणं शिकवायची आणि डाव्या कानात शिट्टी वाजते म्हणायची. ती फळीवर आडवी झाली, खांद्यापर्यंत आत गेली आणि "काढा, काढा" म्हणत बाहेर आली. तेव्हा सगळ्यांसमोर आजोबा म्हणाले होते, "ताई, अगं भोपळासुद्धा तुझ्यापेक्षा शहाणा. गुपचूप पडून राहतो."

सगळे हसले. मंजूताई सगळ्यांत मोठ्याने हसली. मग तिने केस बांधले, पर्स उचलली आणि ती घरी गेली. पुन्हा कधी आली नाही. कानाच्या नसेवर एक गाठ वाढत होती. ती सापडली तेव्हा डावा कान गेलेला होता.

तर आज तिसरी खेप. स्कॅन केंद्रात टिकली नावाचा यंत्रमानव होता. कपाळावर लाल दिवा, म्हणून टिकली. तिने शाल्मलीच्या बोटाला चिमटा लावला आणि फळी आत सरकवली.

"नाडी एकशे दहा," टिकली गोड आवाजात म्हणाली. "एकशे अठरा. शाल्मली, घाबरू नकोस. घाबरल्याने नाडी वाढते. एकशे चोवीस."

"टिकली, गप्प बस! मला बाहेर काढ!"

फळी बाहेर आली. शाल्मलीचे केस कपाळाला चिकटले होते. आजोबांच्या ओठांवर वाक्य आलं, 'अगं, नुसतं पडून तर राहायचंय.' वाक्य ओळखीचं निघालं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

"आजोबा," शाल्मली म्हणाली, "छतावर ती निळी रेघ आहे ना, ती पुढे संपते का? की आतपर्यंत जाते?"

"माहीत नाही गं."

"म्हणजे? यंत्र तुमचंच ना?"

"मी कधी आत गेलो नाही. माझे तरुण सहकारी जायचे. मी बाहेर, पडद्यासमोर. आणि त्याआधी आम्ही भोपळे घातले."

"भोपळा घाबरतो का?"

"भोपळा घाबरत नाही," टिकलीने माहिती पुरवली. "भोपळ्याला नाडी नसते."

शाल्मलीला हसू आलं. आजोबांना आलं नाही. त्यांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, पट्टा काढला आणि ते फळीवर आडवे झाले. टिकलीने त्यांच्या मुठीत रबरी फुगा दिला. दाबला की फळी बाहेर येते.

निळी रेघ आतपर्यंत जात होती. ती डोळ्यांवरून सरकत गेली, आणि छत एकदम खाली आल्यासारखं वाटलं. यंत्राची सगळी मोजमापं आजोबांना पाठ होती. छत खाली येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी डोळे घट्ट मिटले. बाहेर लोक हसताहेत असा भास झाला, आणि त्या हसण्यात मंजूताईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांनी फुगा दाबला.

बाहेर आल्यावर त्यांनी फळीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. शाल्मलीने ते हात आपल्या हातात घेतले.

"आता तुम्हाला कळलं," ती म्हणाली.

"फार उशिरा कळलं गं," आजोबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचा शिकवायचा आवाज परत आला. "ऐक. याला क्लॉस्ट्रोफोबिया म्हणतात (बंद, अरुंद जागेची भीती). मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. तो आपला पहारेकरी. वाट बंद दिसली की घंटा वाजवतो. छाती धडधडते, श्वास उथळ होतो. आणि गंमत अशी, की तीच धडधड ऐकून त्याला वाटतं, बघा, धोका आहेच! मग तो आणखी जोरात वाजवतो."

"म्हणजे टिकली नाडी सांगत होती, तेव्हा..."

"तेव्हा ती घंटेला भोंगा लावत होती."

टिकलीचा लाल दिवा मंद झाला. "मला वाईट वाटतं," ती म्हणाली.

"तुझ्यात ते मीच भरलंय," आजोबा म्हणाले. "माझी चूक."

"मग त्या पहारेकऱ्याला समजावायचं कसं?" शाल्मलीने विचारलं.

"समजावून कळत नाही त्याला. रागावून तर मुळीच नाही. त्याला अनुभव लागतो. आत गेलो, काही झालं नाही, बाहेर आलो. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. आणि श्वास लांब सोडायचा. श्वास सावकाश सोडला की हृदय जरा हळू चालतं. पहारेकऱ्याला वाटतं, पळायची वेळ दिसत नाही."

शाल्मली ताडकन उभी राहिली. "अहो, हे मल्लखांबच आहे! पहिल्या दिवशी बाई खांबाला नुसता नमस्कार करायला लावतात. मग मिठी मारायची. आणि चढायच्या आधी उतरायला शिकवतात. इथे उतरायला कुणी शिकवलंच नाही मला!"

"उतरायला म्हणजे?"

तिने फुगा उचलून दाखवला.

मग त्या दोघांनी उतरण्याचा सराव केला. आधी बोगद्याला नमस्कार. मग हात आत. मग छातीपर्यंत आत जायचं आणि भीती वाटायच्या आधीच फुगा दाबायचा, फळी खरंच बाहेर येते का ते बघायला. येत होती. दर वेळी येत होती. एकदा शाल्मली, एकदा आजोबा. टिकलीला नवं काम दिलं. नाडी मनातल्या मनात मोजायची आणि मोठ्याने फक्त पुढे काय होणार ते सांगायचं.

"आता खटखट होईल," टिकली म्हणाली. "एका सूर्यनमस्काराएवढी. मग थांबेल."

ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं, तेव्हा शाल्मली पूर्ण आत होती. भीती गेली नव्हती. घंटा वाजत होती, पण शेजारच्या घरात वाजावी तशी. तिने श्वास लांब सोडला, सांगितलं तेव्हा बोटं हलवली आणि फुगा शेवटपर्यंत मुठीत ठेवला.

मज्जारज्जूवर दाब नव्हता. नसेला थोडी सूज होती, ती उतरणार होती. मात्र दिवाळीपर्यंत मल्लखांब बंद. शाल्मलीने तोंड वाकडं केलं.

बाहेर बाकावर मंजूताई, म्हणजे शाल्मलीची मंजूआजी, डबा घेऊन बसली होती. केंद्राच्या दारापर्यंत ती यायची, उंबरा ओलांडायची नाही. उजव्या कानासाठीही स्कॅन करून घ्या असं डॉक्टर तिला कधीचे सांगत होते.

आजोबा तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हणाले, "ताई, आज मी आत गेलो होतो. फुगा दाबून बाहेर आलो. त्या दिवशी मी तुला तसं बोलायला नको होतं गं."

मंजूआजी समोरच्या गुलमोहराकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तेव्हा आजोबांच्या लक्षात आलं, आपण तिच्या डाव्या बाजूला बसलो आहोत. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण एवढं सगळं दुसऱ्यांदा त्यांच्याने बोलवेना.

शाल्मली दारातून हे पाहत होती. ती मंजूआजीच्या उजव्या बाजूला आली, कानाशी वाकली आणि म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी आपण दोघी आत जाऊ. तू फक्त नमस्कार करायचा, बाकी काही नाही."

"बघू," मंजूआजी म्हणाली. नाही म्हणाली नाही.

मग शाल्मलीने आजोबांना दंडाला धरून उठवलं, बाकाला वळसा घालून मंजूआजीच्या उजव्या बाजूला आणून बसवलं आणि ती डबा घेऊन लांब गुलमोहराखाली जाऊन बसली.