मधला कागद

बसा असे, कंदिलाजवळ. आमच्या गडमुडशिंगीत लाईट एकदा गेली की लवकर यायचं नाव घेत नाही. विश्वजित मागं गोठ्यात धार काढतोय, येईल एवढ्यात. तुम्ही व्हिडिओ बघून प्रयोग बघायला आलात ना? मग तो येईपर्यंत प्रयोगाचंच सांगते.

त्या दिवशी मी कागलच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून सुटले आणि घरी न येता शाहूपुरीत गेले, लाल एलईडी घ्यायला. दुकानदारानं सवयीनं हिरव्यांची पुडी काढली.

"विश्वजितरावांच्यात हिरवंच लागत्यात की. मोनावहिनी हिरवंच न्यायच्या."

"मला लाल द्या," मी म्हणाले. एवढ्या जोरात म्हणाले की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

मोना म्हणजे विश्वजितची पहिली बायको. तापाचं निमित्त झालं आणि गेली. मी नंतर आले. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तिचा जेवढा राग मला यायचा तेवढा जिवंत माणसाचाही कधी आला नाही.

त्या दोघांना एक नाद होता. कॅपॅसिटर म्हणजे काय, तर धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवायच्या आणि मध्ये कागद घालायचा. पट्ट्या एकमेकींना टेकल्या नाहीत तोवर त्यांच्यात वीज साठून राहते. त्या साठलेल्या विजेवर एलईडी पेटवायचा. बाजारात कॅपॅसिटर तयार मिळतात, पण या दोघांना ते घरातल्या वस्तूंचे करायचे असत. डब्यांची झाकणं, लोणच्याच्या बरण्या, चॉकलेटच्या चांद्या. प्लास्टिकचा पाइप घोंगड्यावर खसाखसा घासायचा, त्यातून वीज भरायची आणि दिवा लावायचा. लग्नानंतर तिच्या जागी मी बसायला लागले, पण माझा दिवा चमकायचा आणि विझायचा. मोनाचा म्हणे चहा उकळून गाळेपर्यंत तेवायचा. ती डावखुरी होती. घरातल्या प्रत्येक पकडीला, पेचकसाला तिनं आपल्या डाव्या मुठीला जमेल अशी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. मी ती हातात घेतली की टोचायची.

आमच्या व्हिडिओंच्या चॅनलचं नाव अजून 'विश्व-मोना' होतं. खाली लोक विचारायचे, मोनाताई कुठं हायत? इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा माझा, बोटं माझी भाजलेली आणि नाव तिचं. जळायचे मी. सरळ सांगते, जळायचे.

लग्न झाल्यावर सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, मला एक टाक दिला होता. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईचा मुखवटा ठोकलेला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नव्या साडीचा पदर आधी त्याला लावायचा, अशी आमच्याकडे रीत आहे.

"पहिलीचं मन मागं ऱ्हातंय बाई," आक्का म्हणाल्या होत्या. "गळ्यात असली म्हंजी तिलाबी वाटतंय, आपुन घरातच हाय."

"आक्का, मी कंपनीत ट्रान्सफॉर्मर तपासते," मी म्हणाले होते. "गळ्यात सवत बांधून फिरू व्हय?"

त्यांनी टाक देवघरात ठेवून दिला.

तर त्या संध्याकाळी लाल एलईडी घेऊन मी घरी आले. दिवेलागणीला विश्वजितनं मोबाईल लावून व्हिडिओ सुरू केला. मी ताटल्यांचा कॅपॅसिटर मोठ्या हौसेनं मांडला होता. दिवा पेटला आणि विझला. विश्वजितनं मोबाईल खाली ठेवला, आणि अगदी सहज, वाईट काही मनात न आणता म्हणाला, "मोना असती तर..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. तो गोठ्याकडे निघून गेला. मी उठले, देवघरातून टाक उचलला आणि टेबलावर आपटला. "एवढी हुशार आहेस ना? लाव मग दिवा," म्हणाले. एक पट्टी तो टाक. दुसरी पट्टी म्हणून माझ्या माहेराहून आलेलं लक्ष्मीचं चांदीचं नाणं. मध्ये बटरपेपर. एवढ्याशा चांदीत मुंगीचं पोट भरेल एवढीही वीज मावत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला तिला हरलेली बघायचं होतं.

तारा जोडल्या. पाइपला अजून हातही लावला नव्हता.

दिवा लागला.

आणि हिरवा लागला. लाल एलईडी हिरवा लागत नाही हो. तो जन्माला येतानाच आपला रंग घेऊन येतो. खोलीत राळेचा वास सुटला, तारांना डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना सुटतो तसा. डाग द्यायची इस्त्री तर खिळ्याला थंड लटकत होती. टेबलातून बारीक गुणगुण ऐकू येत होती, कुणीतरी तोंड मिटून गाणं म्हणावं तशी.

तेवढ्यात विश्वजित दारात आला. "तेजू, काय करालीस?"

हिरवा उजेड एकदम वाढला. भिंतीपर्यंत गेला. तो गप्प झाला तसा परत उतरला.

"तेजू... ह्यो कुणी लावला?"

परत वाढला.

खरं तर मी तिथंच किंचाळायला हवं होतं. पण मला काय झालं सांगू? हसू आलं. तो माझं नाव घेतो आणि तिकडे हिची आग होते! एवढे दिवस मी जळत होते, आता तिची पाळी. मी दिवा विझवला नाही. उलट रोज संध्याकाळी त्या टेबलाशी बसून विश्वजितला बोलतं करायचे. "मी कशी दिसते? आमटी कशी झाली?" तो "झकास झालीया, तेजू" म्हणायचा आणि दिवा भडकायचा. माझ्या जिवाला असा थंडावा मिळायचा, की माहेरीसुद्धा कधी मिळाला नव्हता.

आक्का त्या खोलीत पाऊल टाकेनात. उंबऱ्याबाहेरूनच म्हणायच्या, "काढ बाई ते. बायकांच्या भांडनात दिवा न्हाय लावायचा."

मग एकदा कंपनीतून आले, तर खोलीचं दार लोटलेलं. फटीतून हिरवा उजेड अंगणात पडला होता, एवढा प्रखर मी कधी पाहिला नव्हता. माझं नाव कुणी घेत नव्हतं. विश्वजित टेबलाशी पाठमोरा बसला होता, दिव्यावर वाकून.

"व्हय..." तो हळू आवाजात म्हणत होता. "व्हय... कळलं मला... न्हाय, तिला न्हाय सांगत..."

मध्ये मध्ये थांबायचा. ऐकत असल्यासारखा.

माझ्या अंगाची लाही झाली. भीती? छे, भीती नंतरची. माझा नवरा, माझ्या घरात, माझ्या पाठीमागं तिच्याशी गुलूगुलू बोलत होता! मी दार ढकललं. तो दचकून बाजूला झाला. मी कॅपॅसिटर उचलला. चांदी गरम होती, ताप आलेल्या माणसाच्या हातासारखी.

आक्का धावत आल्या, आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. माझं मनगट धरलं.

"तेजस्वी, तारा तोड, दिवा फोड... पर त्यास्नी टेकवू नगंस."

"त्यात काय होतंय, आक्का? टेकवलं की कॅपॅसिटर मोकळा होतो. संपतं सगळं."

"आत्ता मधी कागद हाय, बाई..." त्यांचा आवाज जेमतेम येत होता. "निदान कागद हाय..."

मी कागद ओढून काढला. टाक आणि नाणं दोन बोटांच्या चिमटीत धरून एकमेकांवर दाबलं. चट् असा आवाज झाला. एक ठिणगी माझ्या कोपरापर्यंत चढली आणि दिवा विझला. अंधारात आक्का हुंदके देऊन रडायला लागल्या, कुणी गेल्यावर रडतात तशा.

त्यानंतर घर शांत झालं. अगदी शांत. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन टाक गळ्यात घातला. आक्कांनी दोरा ओवून दिला, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पकडी आता टोचत नाहीत, मुठीत नीट बसतात. मी डाव्या हातानं डाग देते हे विश्वजितनंच मला दाखवलं. माझा दिवा आता चहा गाळेपर्यंत राहतो, कधी कधी कप विसळून होईपर्यंत. चॅनलखाली लोक लिहितात, मोनाताई बऱ्याच दिवसांनी दिसल्या. मला राग येत नाही. विश्वजित मला मोना म्हणतो, मी 'आले' म्हणते. कॅपॅसिटरच्या पट्ट्या टेकवल्या की त्यांच्यात फरक उरत नाही, हे तर आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवतात.

जळणं तेवढं संपलं, असं वाटलं होतं मला.

पण परवा तो झोपेत बोलला. हळू, लाडानं, मला कधी बोलला नाही अशा आवाजात. "तेजू," म्हणाला. "तेजू, कुठं हाईस गं..." आणि माझ्या पोटात अशी आग पडली! उठून बघते तर टेबलावर लाल उजेड. त्या एलईडीच्या तारा मी केव्हाच तोडल्या आहेत. तो नाव घेत होता आणि उजेड वाढत होता.

बादली वाजली, तो येतोच आहे. पावणं, तुम्ही पुरुष माणसं, तुमच्याशी मोकळं बोलेल तो. माझं एक काम करा. मी चहा टाकायला आत गेले की त्याला हळूच विचारा...

ही तेजू कोण?