पानाभोवतीचं पाणी

सॅक भरून झाली का, सलोनी? मग बस इथे गच्चीवर. लाइट काही इतक्यात येत नाही. स्वस्तात बेटं फिरायला निघालात, अच्छा है. पण तुमच्या या भाऊसाहेबकाकाची एक गोष्ट ऐकून जा. ऐकीव नाही. आपल्या लक्ष्मीबाई नगरात खालच्या मजल्यावर कुमुदवहिनी राहतात ना, त्यांच्या मानसची आहे.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रात्रीचे साडेनऊ. मानसला काम एवढंच होतं, की आईने वाढून दिलेलं पान यमुनेकाठी ठेवायचं आणि गुरुग्रामला आपल्या घरी जायचं.

आता पान कोणासाठी, तर ते आधी सांगतो.

त्याच्या महिनाभर आधी मानस एकटाच इंडोनेशियाला जाऊन आला होता. बायकोला, देवयानीला, सुट्टी मिळाली नाही. पाठीवर सॅक, डॉर्मिटरीत झोप, कधी फेरीबोटीच्या डेकवर रात्र. देवळांची जुनी गावं पाहत पाहत शेवटी तो एका लहानशा बेटावर पोचला. किनाऱ्यावर एका म्हातारीची खानावळ होती. तिने केळीच्या पानावर भात वाढला, आणि मानसला आजोबांची आठवण आली. आजोबा रोज चित्राहुती घालायचे. चित्राहुती माहीत आहे ना? नाही. दिल्लीची मुलं तुम्ही. अरे, जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवायचं आणि पानाबाहेर भाताची चार शितं ठेवायची. मानसने तसंच केलं. बाटलीतलं पाणी संपलेलं, म्हणून पठ्ठ्याने समुद्राचंच ओंजळभर आणून फिरवलं. वर फोटो काढून देवयानीला पाठवला.

म्हातारी चरकली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "या समुद्राने नेलेल्यांना जेवायला घालणारं कोणी नाही. तू त्यांच्यातल्या एकाला बोलावलंस. आता तो तुझ्याच पानावर जेवणार."

मानस हसला. जेवला. पण पोट भरलं नाही.

घरी आला तो सुकतच गेला. दोन माणसांचं खायचा, तरी अंगी लागेना. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घरंगळायचं. तपासण्या केल्या, सगळं बिल्कुल नॉर्मल. आणि जेवून उठला की टेबलावर ताटाभोवती एक पांढरं कडं उमटलेलं असायचं. त्याने एकदा बोट लावून चाखलं. मीठ होतं.

देवयानीच्या आधी तोच ते पुसून टाकायचा. शेवटी त्या अमावास्येला आईजवळ येऊन रडला. मी तिथेच बसलो होतो.

कुमुदवहिनी म्हणाल्या, "ज्यांची तिथी कोणाला ठाऊक नाही त्यांचाही हाच दिवस. त्यालाही वाढू. पान ठेव आणि मागे बघू नकोस. एक मात्र सांभाळ, आज घरात कोणी पानाबाहेर शीत ठेवायचं नाही. नाहीतर पुन्हा बोलावल्यासारखं होईल."

"देवयानीला सांगू?"

"नको रे. घाबरेल पोर."

तर निघाला. नदीकाठी काळोख. वारा पडलेला. त्याने पान ठेवलं, हात जोडले. "पोटभर जेव बाबा. आणि इथेच राहा."

वळला. चालू लागला.

मागून आवाज आला... भुरके मारल्याचा. घाईघाईने.

त्याने पाहिलं नाही.

आवाज थांबला...

मग ओली पावलं. फच... फच... गाडीपर्यंत.

तो आत बसला. दार लावलं. काही नाही. नुसती शांतता.

रस्त्यात त्याच्या लक्षात आलं, घड्याळ घसरत नाहीये. कित्येक दिवसांनी त्याला खरीखुरी भूक लागली होती. त्याला इतका आनंद झाला की गाडी चालवताना डोळे भरून आले. म्हणाला, सुटलो.

देवयानीने दार उघडलं. टेबलावर केळीचं पान होतं. रिकामं.

"सॉरी यार, थांबवेना म्हणून जेवून घेतलं," ती म्हणाली. "आणि ऐक ना, आज पितरांचा दिवस, म्हणून तुझ्या त्या फोटोतल्यासारखं मीही केलं. पाणी फिरवलं, शितं ठेवली. बरोबर ना?"

मानसने वाकून पानाजवळ पाहिलं.

"काय झालं? आणि इतकं जेवले, तरी पोट भरलंच नाही बघ."

पानाबाहेर एकही शीत नव्हतं. पानाभोवती... पांढरं कडं.

"हे काय सांडलं?" म्हणत तिने पुसायला हात पुढे केला.

तिच्या हातात लग्नातली पाटली होती. साबण लावूनही निघायची नाही, इतकी घट्ट.

ती घरंगळली... टेबलावर पडली... आणि त्या कड्याच्या आत फिरत राहिली.

पाटली आता खाली कुमुदवहिनींच्या कपाटात आहे. देवयानीच्या हाताला ती पुन्हा बसली नाही. वहिनी ती रोज पुसून ठेवतात, आणि सकाळी तिच्यावर मीठ असतं.