पांढऱ्या चवळीची शेवंती

चवळी चांगली भिजली की अंगठ्याने नुसतं ढकललं तरी साल निघून येतं. अकोल्याच्या जठारपेठेत, बेबीताईंच्या स्वयंपाकघरात रविवारी सकाळचं पहिलं काम तेच असे. मोठ्या परातीत पाणी, पाण्यात पांढरी चवळी आणि परातीभोवती बसलेल्या बाया. सालं वर तरंगत, दाणे तळाशी राहत. मग दाणे शिजवायचे, चाळणीवर घासायचे, निघालेला गर मलमलच्या फडक्यात बांधून कोरडा पिळायचा आणि साखर घालून मंद आचेवर आटवायचा. चिकट तांदळाच्या पिठीचा शिजवलेला गोळा त्यात मळला की झाली नेरिकिरी. जपानात या मऊ गोळ्याची ऋतूप्रमाणे फुलं-पानं घडवतात आणि कडू चहाबरोबर खातात. बेबीताई त्याचा पळस करत, फुटलेलं कापसाचं बोंड करत, आणि कात्रीच्या टोकाने एकेक पाकळी उचलून शेवंती करत.

प्रणालीने या वर्गाच्या पहिल्याच दिवशी पिशवीतून थर्मामीटर आणि छोटा तराजू काढला, तेव्हा शेजारी बसलेली शालू तिच्याकडे बघतच राहिली. शालूचा घरून केक विकायचा धंदा होता.

"सोनं तोलून राहिली काय वो?" तिने विचारलं. "माहे केक तर डोळे मिटूनच होतात."

"म्हणून तर एका बाजूनं बसतात," प्रणाली म्हणाली. परातीभोवतीच्या बाया हसल्या. शालूही हसली.

प्रणाली हौसेने आली नव्हती. तिने अमरावतीहून जीवरसायनशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि सध्या ती पातूरला घरीच होती, वडिलांसाठी. वामनरावांचा पातूरला शेवंतीचा आणि भाजीचा मळा होता. दसऱ्याच्या तोंडावर, फुलं तोडता तोडता, ते वाफ्यातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले, पण त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. चमचा ओठांना लागला की ओठ घट्ट मिटायचे. जमुनाने, म्हणजे प्रणालीच्या आईने, शिरा करून पाहिला, खीर केली, बासुंदी केली. दिवसभरात चार घोट दूध कसंबसं जाई. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गिळण्यात काही दोष नाही, खाण्याची इच्छाच गेली आहे. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी लागली की माणूस सहसा पुन्हा उठत नाही. दात न लावता विरघळणारा, कडधान्याचा, गोड पदार्थ कुठे मिळेल हे शोधता शोधता प्रणालीला हा वर्ग सापडला होता.

"बाबासाठी करशीन तवा तांदूळ नको घालू," बेबीताईंनी तिला आधीच बजावलं होतं. "घशाले चिकटते ते. नुसती चवळी घे."

बेबीताई साठीच्या. मूळच्या अचलपूरकडच्या. नवरा गेल्यावर मुलगा धर्मेंद्र त्यांना जपानात घेऊन गेला. कानाझावा नावाच्या बर्फाच्या शहरात तो कारखान्यात इंजिनिअर होता. घराखाली एका म्हातारीचं मिठाईचं दुकान होतं. मुलगा कामावर गेला की बेबीताई तिथे जाऊन बसत, आणि भाषा येत नसतानाही नुसतं बघून शिकल्या. मग एका हिवाळ्यात धर्मेंद्रला ताप आला आणि तो गेला. बेबीताई एकट्या परत आल्या. दाराशी चपला जोडीने, टोकं बाहेर करून लावायची तिकडची सवय तेवढी बरोबर आली. त्याचा फोटो ओट्याच्या वरच्या भिंतीवर होता, चष्म्याचा, किंचित मान कलती.

"करताना एक माणूस मनात धरायचा," त्या प्रत्येक रविवारी सांगत. "कोणाले खाऊ घालायचं हाय, तो. साखर कमीजास्त झाली तर खपून जाते."

प्रणालीने हे ऐकलं आणि सोडून दिलं. मनात धरलेला माणूस तराजूत बसत नव्हता.

पहिली शेवंती तिने स्वतःच्या डोक्याने केली. साखर कमी केली, दुधाची भुकटी मिसळली, आटवण्याचं तापमान ठरवून घेतलं. वामनरावांच्या ओठांतून तिने तो घास आत सरकवला. तो तसाच विरघळला आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. जमुनाने पदराने तोंड पुसलं.

प्रयोगशाळेत एक गोष्ट तिच्या अंगी मुरली होती. दुसऱ्याच्या कृतीत सुधारणा करण्याआधी ती कृती जशीच्या तशी आपल्या हातून आली पाहिजे. पुढच्या रविवारी ती बेबीताईंच्या अगदी शेजारी बसली आणि तिने पदार्थाकडे कमी, हातांकडे जास्त पाहिलं. अंगठा कुठे टेकतो, मनगट किती वळतं, कात्री उचलताना श्वास कधी थांबतो. शेवटची पाकळी झाली की बेबीताई फूल तळहातावर घेत, छातीपाशी नेत आणि डोळे मिटून काही वेळ तशाच राहत. मान किंचित डावीकडे कलत असे. प्रणालीने तेही उचललं. तेवढाच वेळ, तेवढीच मान.

"माही नक्कल करून राहिली काय?" बेबीताईंनी विचारलं.

"जसंच्या तसं आलं पाहिजे ना, ताई. मग समजते कशानं काय होते."

"घे सगळं," बेबीताई म्हणाल्या. "पण माणूस तुहा तू धर."

प्रणालीने मान हलवली. पण तिचं सगळं लक्ष अंगठ्याच्या कोनाकडे होतं.

त्या संध्याकाळी वामनरावांनी तोंड उघडलं.

फूल जवळ नेलं तेव्हा त्यांचे डोळे आधी हलले. मग ओठ उघडले. त्यांनी घास जिभेवर ठेवला, वरच्या टाळूला दाबला आणि गिळला. नंतर पुन्हा तोंड उघडलं. जमुना उठली, भाकरीचा दुधात काला केला आणि तोही भरवला. तो काला गेला.

त्यानंतर घर पुन्हा घरासारखं दिसू लागलं. प्रणाली रोज चवळी भिजवी, रोज तीच कृती अगदी तशीच करी, आणि फुलापाठोपाठ वामनराव बाकीचंही जेवत. गालांवर मांस आलं. ते भिंत धरून उभे राहिले, मग काठी घेऊन ओसरीपर्यंत आले. शेजारपाजारचे येऊन बघून गेले.

काही गोष्टी बदलल्या होत्या, पण त्यांना कारणं होती. वामनराव सगळं डाव्या हाताने करत, कारण उजवा चालत नव्हता. जन्मभर अंगणात कुठेही चपला भिरकावणारा हा माणूस आता त्या जोडीने लावून ठेवी, पुढची टोकं बाहेर रस्त्याकडे. प्रणालीने वाचलं होतं की मेंदूच्या इजेनंतर सवयी बदलतात. मळ्यातली शेवंती तिने त्यांच्या नाकापाशी धरली, तेव्हा त्यांनी ती भेट मिळाल्यासारखी दोन बोटांत घेतली. वास घेतला नाही. पूर्वी ते डोळे मिटून नुसत्या वासावर वाफा सांगत.

एका दुपारी ओसरीत बसल्या बसल्या वाचा आली. समोर अंगणात तुरीचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पडलं होतं आणि ऊन डोळ्यांत जात होतं.

"बर्फ थांबलं काय?" त्यांनी विचारलं.

"बर्फाचा गोळा मागत असन," जमुना म्हणाली. ती खुशीने त्यांच्याजवळ येऊन बसली. "जत्रेत खात होते ना. अवो, तुमाले गोळा पाह्यजे काय?"

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं.

"नको, आई," ते म्हणाले.

"मी जमुना हाव," ती हसत म्हणाली. "आजारपणात सगळ्यायले मायच आठवते."

प्रणालीही हसली. पण वामनरावांनी स्वतःच्या आईला जन्मभर 'बुढी' म्हटलं होतं. आई हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हताच.

पुढच्या रविवारी बाया गेल्यावर ती मागे थांबली. "ताई, तुम्ही कोणाले धरता मनात?"

बेबीताई परात घासत होत्या. "धर्मेंद्रले. दुसरं कोण हाय मले?"

"रोज?"

"रोज."

बसमध्ये प्रणालीने प्रयोग आखला. दुसऱ्या दिवशी तिने दोन शेवंत्या केल्या, एकाच गोळ्यातून, एकाच वजनाच्या. एक बेबीताईंसारखी, शेवटच्या त्या थांबण्यासकट. दुसरी वडिलांना मनात धरून. कोणती कोणती हे जमुनाला सांगितलं नाही. वामनरावांनी बेबीताईंसारखी केलेली खाल्ली आणि दुसरीसमोर ओठ मिटले. तिने बशा अदलून बदलून पाहिलं. दर वेळी तसंच झालं.

मग तिने हट्टाने फक्त दुसऱ्या प्रकारची करायला घेतली. अडत्याशी भांडून त्याच्याच बरोबर चहा पिणारे बाबा. पहाटेच्या गारठ्यात फुलांच्या गोणीवर तिला बसवून मंडीत नेणारे बाबा. तिच्या निकालाच्या दिवशी गावभर पेढे वाटून घरी एकही न उरवणारे बाबा. इतकं भरून येऊन तिने आयुष्यात काही केलं नव्हतं.

वामनरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. काठी कोपऱ्यात गेली. गाल पुन्हा आत ओढले गेले आणि बोलणं बंद झालं. डॉक्टरांनी पुन्हा नळीचं नाव काढलं.

"पहिले करत होती तसंच कर ना, पोरी," जमुना दारात उभी राहून म्हणाली. "काहून बदलवून राहिली?"

प्रणालीने पहिल्यासारखं केलं. छातीपाशी नेलं, मान डावीकडे कलती केली, डोळे मिटले.

वामनराव जेवले.

पुढे तपासणीसाठी तिघं अकोल्याला गेली. डॉक्टर खूश झाले. बेबीताईंनी चहाला बोलावलं होतं, म्हणून परतताना तिघं जठारपेठेत उतरली. ते घर बेबीताईंच्या नवऱ्याने बांधलेलं होतं. धर्मेंद्र तिथेच वाढला होता. वामनरावांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

फाटकाची कडी अडकायची. प्रणालीला दर रविवारी तिच्याशी झगडावं लागे. वामनरावांनी डाव्या हाताने ती किंचित वर उचलली आणि आपल्याकडे ओढली. फाटक उघडलं.

त्यांनी पायरीशी चपला लावल्या. बैठक ओलांडली. मागच्या अंधाऱ्या खोलीत शिरताना दाराआड हात घालून दिवा लावला.

खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले.

बेबीताई स्वयंपाकघरातून आल्या. हाताला साखर लागलेली. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं.

"हात धुतले काय?" त्यांनी विचारलं.

वामनराव ओशाळं हसले, उठले आणि न विचारता मागच्या अंगणात गेले. नळाचा आवाज आला.

जमुना त्यांची काठी धरून उभी होती.

"ताई, तुम्हाले ठाऊक होतं?" प्रणालीने विचारलं.

"मी म्हटलं होतं तुले. माणूस तुहा तू धर."

"धरला. मग ते जेवत नाहीत."

बेबीताईंनी हात पदराला पुसले. मग अगदी हळू, मागायची लाज वाटावी तसं म्हणाल्या, "राहू द्या ना त्याले इथं. मी खाऊ घालीन."

"मालक हायेत ते माहे," जमुना म्हणाली.

"व्हय," बेबीताई म्हणाल्या. "व्हय न माय."

जमुनाने अंगणात जाऊन वामनरावांचा ओला हात धरला आणि त्यांना बाहेर आणलं. ते आले, पण फाटकापर्यंत मागे वळून पाहत आले. एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत होते, नव्या रस्त्याने निघालेला माणूस बघतो तसे. पातूरच्या थांब्यावर गाडी थांबली, तरी कुणी उठवेपर्यंत बसून राहिले.

घरी आल्यावर जमुनाने चवळी स्वतः भिजत घातली.

"मले शिकव," ती म्हणाली. "तू नोकरीले जाशीन कधी ना कधी."

प्रणालीने शिकवलं. जन्मभर फुलं तोडलेले हात ते. कात्री त्यांचं लगेच ऐकू लागली. काही दिवसांतच जमुनाची शेवंती प्रणालीपेक्षा सुबक होऊ लागली. शेवटची पाकळी उचलून झाली की ती फूल तळहातावर घेई, छातीपाशी नेई आणि डोळे मिटे.

"आई," प्रणालीने एका दुपारी विचारलं, "कोणाले धरतेस?"

जमुनाने डोळे उघडले नाहीत. "त्यायले धरून तुनं पाह्यलं ना? उपाशी राह्यले."

आतून हाक आली. "आई."

या हाकेवर जमुनाचं उत्तर ठरलेलं असे. मी जमुना हाव, असं ती रोज तिथूनच हसून सांगायची. प्रणाली त्या उत्तराची वाट बघत थांबली.

जमुनाने फूल बशीत ठेवलं, हात धुतले. नवऱ्यासमोर तिने डोक्यावरचा पदर लग्नापासून कधी खाली येऊ दिला नव्हता. तो तिने आता सावकाश उतरवला, कमरेला खोचला आणि बशी उचलली.

"आली रे, बाबू," असं म्हणत ती आत गेली.