डबा का तापला?

“मेला! परत मेला!” सुयोग ओरडला.

वाचनालयातला कॉम्प्युटर खटकन बंद पडला होता. पडदा काळाठिक्कर! रुचिताने चटकन मागे बघितलं, तर नेमके दारात कुंडलिक आप्पा उभे! आप्पा म्हणजे धसईतल्या भातगिरणीचे मालक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. हा जुनापुराणा कॉम्प्युटर कल्याणच्या कुठल्याशा ऑफिसातून त्यांनीच मागून आणला होता.

“रुचिते, तूच काय तरी दाबलंस! दिवाळीच्या सुट्टीत बसायला दिला, तर वाट लावलीस. दुपारी टेम्पो कल्याणला चाललाय. जाऊ दे हा भंगारात!”

“आप्पा, मी नाय काय केलं!”

पण आप्पा गिरणीकडे चालतेसुद्धा झाले.

रुचिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अख्ख्या गावात कॉम्प्युटर एकच, आणि तो रुचिताने मोडला असं आता घराघरात बोललं जाणार!

“रडतेस काय गो? टेम्पो यायला वेळ हाय,” शेजारी बसलेला धाकलू म्हणाला. त्याच्या काखेत सायकलचा पंप होता. बाहेर सायकल उभी केली की पंप काढून घ्यायचा, कुणावर म्हणून विश्वास नाही! “दसऱ्यापर्यंत तर हा धडधाकट होता.”

“लाईट कमी येत असंल,” सुयोग म्हणाला.

“मग बल्ब कसा लखलखतोय?” धाकलूने विचारलं.

रुचिताने त्याच बोर्डात टेबलफॅन लावून बघितला. फॅन गरगर फिरतच राहिला!

“म्हंजे लाईट बरोबर, बोर्ड बरोबर. गडबड डब्यातच!” डबा म्हणजे त्यांचा सीपीयू.

जरा वेळाने तिने परत बटण दाबलं. चालू! सगळे श्वास रोखून बसले. चालला, चालला... आणि खट! बंद!

“आमच्या आजोबांसारखा हाय हा,” सुयोग खिदळला. “थोडं चालतात, दमतात, बसतात, परत निघतात!”

“थांब, थांब!” रुचिता ताडकन उठली. “आमच्या विहिरीवरची मोटर तापली की अशीच बंद पडते!”

तिने डब्याच्या मागे हात लावला. “आई गं! केवढा तापलाय! आणि इथून तर वारा यायचा ना रे?”

तिने खिडकीतल्या आकाशकंदिलाची एक झिरमिळी तोडली, कॉम्प्युटर चालू केला आणि ती मागच्या जाळीसमोर धरली. झिरमिळी जरासुद्धा हलली नाही!

“आतला पंखाच फिरत नाय!”

“आणू पक्कड? उघडू?” सुयोगच्या अंगात आलं.

“अजिबात नाय! विज्ञानाच्या सरांनी काय सांगितलं? बंद केल्यावरपण आतल्या लाईटच्या पेटीत करंट साठलेला असतो.” तिने बटण बंद करून वायरच काढून टाकली. मग जाळीवर बॅटरी मारली. पंख्याच्या पात्याला काहीतरी लाल चिकटलं होतं. “धाकल्या, तुझा पंप दे!”

फूस! फूस! फूस! जाळीतून झेंडूची पाकळी उडाली, आणि मागोमाग टपटप टपटप तांदूळ! कुंकवाने लाल झालेले तांदूळ!

“अक्षता?” तिघं एकदमच म्हणाले.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न! आप्पा आत आले. “चला, उचला रे तो डबा!”

“आप्पा, एक मिनिट!” रुचिताने वायर लावली, बटण दाबलं. झिरमिळी जाळीसमोर धरली आणि... फडफड! फडफड! पडदा उजळला. डबा चालला तो चाललाच. बाहेर टेम्पोवाल्याने कंटाळून आणखी दोनदा हॉर्न वाजवला, तरी बंद नाही!

तिने अक्षतांची ओंजळ आप्पांपुढे धरली. “आप्पा, दसऱ्याला पूजा कुणी केली याची?”

“मी केली. गिरणीची केली तशीच! मूठभर तांदूळ मशीनच्या तोंडात घालायचे, वर्षभर...” आप्पा थबकले. जाळीकडे बघितलं, ओंजळीकडे बघितलं. “म्हंजे... ते तोंड नव्हतं?”

“तो श्वास घ्यायचा पंखा होता, आप्पा!”

आप्पा आधी ओशाळले, मग पोट धरधरून हसले. “तुला उगाच बोललो गो पोरी! चुकलो मी. डोकं हाय हो तुमच्यात!” मग दारातून मोठ्यांदा ओरडले, गल्लीभर ऐकू जाईल असे, “टेम्पो रिकामा ने रे! कॉम्प्युटर रुचिताने दुरुस्त केलाय! आणि पुढच्या दसऱ्याची पूजा पण हीच करील!”

“करीन की!” रुचिता डोळे पुसत म्हणाली. “पण प्रसाद आमाला द्यायचा. याला नाय!”