कव्हरवरचा अंगठा

मी बसचा ड्रायव्हर आहे. गोष्टी रचणं हा माझा धंदा नाही, आणि त्याला लागते तेवढी ताकदही संध्याकाळपर्यंत अंगात उरत नाही. घडलं तेच सांगतोय.

गेल्या जूनमधला बुधवार. दुपारचे तीन वाजले होते. रोमानियात, समुद्रकाठच्या मांगालियाजवळच्या आमच्या गावात, वहिनीच्या स्वयंपाकघरात मी एकटाच होतो.

भुतं रात्रीच येतात, असं म्हणणाऱ्यांना आमचं घर दाखवायला हवं.

माझा थोरला भाऊ अंगेल जानेवारीत गेला. साखरेच्या आजाराने आधी त्याचा एक पाय कापावा लागला, मग दुसरा. शेवटची तीन वर्षं तो खाटेवर होता आणि त्याची जुनी मोटरसायकल अंगणात पत्र्याखाली. खिडकीतून तो दिवसभर तिच्याकडे बघत पडायचा.

आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी पोमाना देतात. वस्तूबरोबर पेटती मेणबत्ती द्यायची, त्याचं नाव घ्यायचं. घेणाऱ्याने ‘बोगदाप्रोस्ते’, म्हणजे ‘देव त्याला क्षमा करो’, म्हटलं की ती वस्तू तिकडे त्याला पोचते.

झाम्फिरावहिनीने दादाचे कपडे दिले, ताट-वाटी दिली. आता गाडी द्यायची होती, येत्या शनिवारी, पितरांच्या दिवशी.

"पण अशी कळकट नाही हं, तिबेरिउ," ती म्हणाली. "इथून जशी जाईल तशीच त्याला मिळणार. तिकडे तरी त्याला खाटेवरून उठू दे."

इंजिन तिसऱ्या किकला सुरू झालं. पण खाऱ्या वाऱ्याने इंजिनची दोन्ही कव्हरं पार खाल्ली होती. रंगाला फोड आलेले, फोडांखाली पांढरी भुकटी. पर्यटकांचा हंगाम होता, मला रोज पहाटे चारची ड्यूटी. तरी काम मीच अंगावर घेतलं. दादासाठी एवढं तरी करायचं होतं.

कव्हरं काढली. तारेच्या ब्रशने खरवडली, पॉलिश पेपरने घासली, थिनरने पुसली. प्रायमर मारला, मग रुपेरी रंगाचे पातळ हात. हा रंग भट्टीत भाजल्याशिवाय पक्का होत नाही, आणि भट्टी म्हणजे वहिनीचा ओव्हन.

"उद्या पावाला पेट्रोलचा वास आला, तर पहिला घास तुला," असं बजावून ती कबरीवरचं गवत काढायला गेली.

कव्हरं ओव्हनमध्ये ठेवून मी खुर्चीत टेकलो. डोळे मिटले…

ओव्हनचं दार कुरकुरलं.

उघडलं… आणि परत लागलं.

तोंडावर गरम झळ आली. मी डोळे उघडले. कुणी नव्हतं.

ओव्हन उघडून बघितलं, तर डाव्या कव्हरवर, ओल्या रंगात, अंगठ्याचा ठसा होता. रुंद, चांगला दाबून उमटवलेला.

दादाला एक खोड होती. फाटक असो की होडी, रंग वाळला का हे तो अंगठा लावूनच बघायचा आणि सगळं काम नासवायचा. आमच्या हिरव्या फाटकावर त्याचा एक ठसा अजून आहे. मी कव्हर फडक्यात धरून तिथे नेलं.

तोच होता.

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगतो, मला रडू आलं. पुन्हा सगळं घासायचं होतं.

गुरुवारी परत रंग मारला. ओव्हनला तार गुंडाळली, स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली आणि पायरीवर बसलो.

आत ओव्हनचं दार कुरकुरलं…

तार तशीच होती. ठसाही तसाच.

या वेळी वहिनीला दाखवलं. तिने ठसा नीट बघितला. मग रिकाम्या ओव्हनकडे तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाली, "अंगेल, हात मागे घे. तुझ्याचसाठी चाललंय हे."

शुक्रवारी कव्हरं स्वच्छ निघाली. नखाने ओरखडलं तरी रंग हलेना.

शनिवारी मी ड्यूटीवरून आलो तो उभ्याउभ्याच पेंगत होतो. होड्या दुरुस्त करणारा पेट्राके टोपी काढून फाटकाशी थांबला होता. मी त्याच्या एका हातात किल्ली दिली, दुसऱ्यात मेणबत्ती. त्याने वाकून कव्हरं बघितली, नव्यासारखी केलीस म्हणाला. मी मान हलवली. तो ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणाला, त्याने किक मारली आणि गेला.

वहिनी पितरांसाठी शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट घेऊन बाहेर आली. "नाव घेतलंस ना त्याचं?"

नाव…

"घेतलं," मी म्हणालो.

घेतलं नव्हतं. आमच्याकडे काही म्हातारे जिवंतपणीच स्वतःसाठी पोमाना देऊन ठेवतात. आणि देणाऱ्याने कुणाचंच नाव घेतलं नाही, तर ती वस्तू देणाऱ्याच्याच नावावर तिकडे थांबते. हे लहान पोरालाही माहीत असतं. देवाला कळेलच, असं स्वतःला सांगून मी झोपायला गेलो.

जुलैत डेपोमध्ये बसच्या पत्र्याने माझा उजवा अंगठा कापला. सात टाके पडले. आडवा तिरका व्रण राहिला.

ऑक्टोबरमध्ये पेट्राके गाडी घेऊन आला. जरा नाराजच होता. "एवढा भाजून रंग पक्का केलास, मग हे काय? परवापर्यंत नव्हतं."

डाव्या कव्हरवर ठसा होता. दादाचा नव्हे. हा अरुंद होता.

मधोमध एक तिरकी रेघ…

त्या शनिवारपासून गाडीला माझा हात लागला नव्हता. रंग दगडासारखा कडक होता. मी अंगठा ठशावर ठेवला. रेघेवर रेघ बसली.

त्या संध्याकाळी वहिनीला खरं सांगितलं. एकदा दिलेली वस्तू पुन्हा दुसऱ्याच्या नावाने देता येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे तो अजून खाटेवरच आहे?"



हल्ली दुपारी तीनला घरी येतो तेव्हा अंगणात, रिकाम्या पत्र्याखाली, इंजिन चालू असतं. हळू, एका लयीत. पेट्राकेची गाडी तेव्हा धक्क्यावर उभी असते, मी दोनदा जाऊन बघितलंय. फार थकलेलो असलो की तो आवाज बरा वाटतो, आणि मला भीती त्याचीच आहे.

काल तो आवाज पत्र्याखाली नव्हता. माझ्या दारापाशी होता…

मी दार उघडलं नाही. पण कधीतरी उघडावं लागेलच. तेव्हा तिकडे आधी दादाच्या खाटेपाशी जाईन आणि त्याला गाडीवर मागे बसवून घेईन.